आयबीमुळे एक वर्ष खरंच वाचतं का? मिळालेलं क्रेडिट आणि कामी आलेलं क्रेडिट

पुण्याच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. हायर लेव्हलला गणित (अ‍ॅनालिसिस अँड अप्रोचेस), फिजिक्स आणि इकॉनॉमिक्स. स्टँडर्ड लेव्हलला केमिस्ट्री, इंग्रजी आणि हिंदी. शाळेचा अंदाज ४५ पैकी ३८ गुणांचा. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. त्या लिहितात, ‘शाळेत सांगितलं की आयबीच्या मुलांचं एक वर्ष वाचतं. मग आम्ही शैक्षणिक कर्ज तीन वर्षांच्या फीचं काढायचं का? आणि माझ्या बहिणीचा मुलगा सीबीएसईतून ९६ टक्के मिळवून त्याच विद्यापीठात चालला आहे, त्याला एकही क्रेडिट नाही. असं का?’

कर्जाचं आधी सांगतो, कारण तिथली चूक सगळ्यात महाग पडते. कर्ज चार वर्षांच्या हिशोबानेच मंजूर करून घ्या. एखादं सत्र वाचलं तर शेवटचा हप्ता उचलू नका. पण तीन वर्षांचं कर्ज काढून चौथ्या वर्षी परदेशात बसून पैशांची जुळवाजुळव करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना ‘एक वर्ष वाचतं’ हे एवढंच वाक्य कोणीतरी सांगितलेलं होतं.

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या रजिस्ट्रार कार्यालयात अकरा वर्षं हेच काम केलं. परदेशी शाळांची प्रमाणपत्रं वाचायची आणि त्यांचं क्रेडिट, म्हणजे पदवीच्या अभ्यासात धरला जाणारा वाटा, ठरवायचं. आता पुण्यात मुलांना आणि पालकांना मदत करतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा विषय पाहिला आहे.

अमेरिकेतली बॅचलर पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. सत्राला १५ प्रमाणे आठ सत्रं. इंजिनिअरिंगला बऱ्याच ठिकाणी याहून थोडी जास्त लागतात. आता मुलीच्या गुणपत्रकावरून विद्यापीठाने ३० क्रेडिट दिली, तर साधा भागाकार सांगतो की दोन सत्रं कमी झाली. शाळेतला हिशोब इथेच थांबतो. खरा हिशोब इथून सुरू होतो.

गुणपत्रक तपासणाऱ्याच्या टेबलावर काय होतं ते सांगतो. डाव्या पडद्यावर आयबीकडून थेट आलेला निकाल, उजवीकडे विद्यापीठाचा अभ्यासक्रमाचा कॅटलॉग आणि विभागांनी मंजूर करून दिलेला समकक्षतेचा तक्ता. मुलगी किती हुशार आहे हा प्रश्न त्या टेबलावर कुणी विचारतच नाही, तो प्रवेशाच्या वेळी विचारून झालेला असतो. इथे एकच गोष्ट पाहिली जाते: आमच्याकडचा कोणता कोर्स या मुलीचा आधीच होऊन गेला आहे? त्याची तीन उत्तरं निघू शकतात. एक, नेमका अमुक कोर्स झाला. मग त्या कोर्सचा क्रमांक तिच्या रेकॉर्डवर चढतो. दोन, विषय झाला पण आमच्या कुठल्याच कोर्सशी तंतोतंत जुळत नाही. मग ‘फिजिक्स वन-डबल-एक्स’ असं काहीतरी चढतं, म्हणजे फिजिक्सचं पहिल्या वर्षाच्या पातळीचं, पण नाव नसलेलं क्रेडिट. तीन, काहीच नाही.

दुसऱ्या प्रकारची क्रेडिट एकूण बेरजेत दिसतात. पालक ती बेरीज पाहून खूश होतात. पण पदवीच्या चौकटीत त्यांना घर नसेल तर ती नुसती पडून राहतात. सेवेत असताना मी सहकाऱ्यांना मराठीत सांगू शकत नव्हतो, पण मनात हाच फरक असायचा: मिळालेलं क्रेडिट वेगळं, कामी आलेलं वेगळं.

तुमच्या मुलीच्या बाबतीत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण फिजिक्सच आहे. आयबीचं हायर लेव्हल फिजिक्स कठीण असतं, २४० तासांचं असतं, प्रयोगही असतात. पण त्यात कॅल्क्युलस वापरावं लागत नाही. अमेरिकन विद्यापीठात पहिल्या वर्षाचं फिजिक्स दोन वेगवेगळ्या रांगांमध्ये शिकवतात: एक बीजगणितावर आधारलेलं, जीवशास्त्र आणि तत्सम शाखांच्या मुलांसाठी, दुसरं कॅल्क्युलसवर आधारलेलं, इंजिनिअर आणि भौतिकशास्त्रज्ञांसाठी. त्यामुळे हायर लेव्हलला ७ पैकी ७ आले तरी अनेक विद्यापीठं पहिल्या रांगेतलं क्रेडिट देतात. आठ क्रेडिटही देतील. पण मेकॅनिकलच्या मुलीला दुसऱ्या रांगेतलं फिजिक्स लागतं. ती आठ क्रेडिट रेकॉर्डवर दिसतील आणि तरीही ती पहिल्या वर्षी फिजिक्सच्या वर्गात बसेलच.

नाशिकचा एक मुलगा मला आठवतो. फिजिक्सला ७, वडील ओरिएंटेशनला सोबत आलेले. मी पडद्यावर दोन्ही कोर्सची पानं उघडून दाखवली. बलाचा एकच प्रश्न, एका पानावर स्थिर बल, दुसऱ्या पानावर अंतरानुसार बदलणारं बल आणि त्याचं इंटिग्रेशन. वडील स्वतः इंजिनिअर. त्यांनी दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे, हे त्याचं झालेलं नाही.’ मुलाच्या चेहऱ्यावरचं अपमानाचं ओझं तेव्हा उतरलं. त्याला वाटत होतं की आपल्या ७ वर कुणी शंका घेतंय. तसं नव्हतं. रांग वेगळी होती, एवढंच.

ए लेव्हलच्या, म्हणजे केंब्रिजच्या बारावीच्या, फिजिक्सचंही हेच. कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्सचं क्रेडिट शाळेतूनच न्यायचं असेल तर त्याचा सरळ रस्ता कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेच्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षांपैकी एपी फिजिक्स सी या परीक्षेतून जातो. एपी फिजिक्स १ आणि २ मधून नव्हे, ते पुन्हा बीजगणिताच्या रांगेतले.

गणिताचं चित्र बरं आहे. २०१९ पासून आयबीने गणिताचे दोन वेगळे कोर्स केले, आणि विद्यापीठांचे तक्तेही त्याप्रमाणे वेगळे झाले. अ‍ॅनालिसिस अँड अप्रोचेस हायर लेव्हलला ५, ६ किंवा ७ असतील तर कॅल्क्युलस १ चं नेमकं क्रेडिट मिळण्याची शक्यता चांगली असते, आणि मेकॅनिकलला ते हवंच असतं. ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन हा दुसरा कोर्स घेतलेल्यांना कित्येक ठिकाणी वेगळी, कमी वागणूक मिळते. अकरावीत विषय निवडणाऱ्या पालकांनी हे आताच लक्षात घ्यावं.

कॅल्क्युलस २ सुद्धा मिळेल का, असं मुलं नेहमी विचारतात. त्यांना वाटतं, इंटिग्रेशन बाय पार्ट्स झालं, डिफरन्शियल इक्वेशन झाली, मॅक्लॉरिन सिरीज झाली, मग उरलं काय? उरतं ते अनंत श्रेणींचं अभिसरण. श्रेणी एका संख्येकडे जाते की नाही हे ठरवणाऱ्या कसोट्या आताच्या हायर लेव्हलच्या अभ्यासक्रमात नाहीत, आणि अमेरिकेतल्या कॅल्क्युलस २ चा मोठा तुकडा त्याच असतात. एपी कॅल्क्युलस बीसीमध्ये त्या आहेत. म्हणून बीसीला ५ पैकी ५ मिळवणाऱ्याला अनेकदा दोन्ही कोर्स सुटतात आणि आयबीच्या ७ वाल्याला एक. हा अन्याय वाटतो, पण तक्ता करणारा प्राध्यापक एकेक प्रकरण जुळवत बसलेला असतो.

इकॉनॉमिक्स हायर लेव्हलला मायक्रो आणि मॅक्रो अशा दोन कोर्सचं मिळून साधारण ६ क्रेडिट पुष्कळ ठिकाणी मिळतं. इंजिनिअरिंगच्या पदवीत सामाजिक शास्त्रांसाठी राखीव जागा असते, तिथे ते चपखल बसतं. इंग्रजी आणि हिंदी स्टँडर्ड लेव्हलला आहेत. बरीच विद्यापीठं स्टँडर्ड लेव्हलला काहीच देत नाहीत, काही निवडक विषयांना देतात. केमिस्ट्रीचंही तसंच. मेकॅनिकलला एक केमिस्ट्री लागते, म्हणून तक्त्यातली ती ओळ स्टँडर्ड लेव्हलसाठी मुद्दाम तपासा. हिंदीला मात्र एक उपयोग आहे, विद्यापीठाला परकीय भाषेची अट असेल तर ती सुटू शकते. मराठी घरातल्या मुलीची हिंदी तिथे परकीय भाषा म्हणून चालते का, हे विद्यापीठावर अवलंबून. काही ठिकाणी शाळेत इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेतून शिकलात म्हणून ती अट आपोआप माफ असते.

आता जुळवणी करू. समजा विद्यापीठाने तिला गणिताचे ४, इकॉनॉमिक्सचे ६, फिजिक्सचे ८ अशी १८ क्रेडिट दिली. त्यातली १० कामी आली. दहा क्रेडिट म्हणजे एका सत्राचा दोन-तृतीयांश भाग. वर्ष वाचलं का? नाही. आणि सत्र? तेही कदाचित नाही, कारण मेकॅनिकल ही साखळीसारखी पदवी आहे. कॅल्क्युलस १ झाल्याशिवाय कॅल्क्युलस २ आणि फिजिक्स नाही. ते झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, मग डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, मग फ्लुइड्स, मग हीट ट्रान्सफर, आणि शेवटी पुष्कळ ठिकाणी दोन सत्रांचा सीनियर डिझाइन प्रकल्प. साखळीतला एखादा कोर्स वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर तुमची मुलगी लवकर तिथे पोहोचूनही थांबून राहील. कॅल्क्युलस १ चं क्रेडिट या साखळीची पहिली कडी तोडतं, म्हणून त्याची किंमत इकॉनॉमिक्सच्या ६ पेक्षा जास्त. आकड्यावर जाऊ नका, कडी कोणती तुटते ते पाहा.

अर्थशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास अशा शाखांमध्ये साखळी लहान असते, मोकळ्या जागा पुष्कळ असतात. तिथे आयबीची क्रेडिट बरीचशी कामी येतात आणि साडेतीन किंवा तीन वर्षांत पदवी खरोखर होते. शाळेत सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती, ती दुसऱ्या कुणाची तरी होती.

आपण कुठे जातो यावरही फार फरक पडतो. टेक्सासमध्ये २००५ पासून कायदाच आहे की पूर्ण आयबी डिप्लोमा घेऊन आलेल्या नव्या विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठाने किमान २४ सत्र-क्रेडिट द्यायची. एखाद्या विषयात ४ पेक्षा कमी असतील तर कमी देता येतात. ऐकायला फार छान. पण कायदा २४ द्या म्हणतो, ती मेकॅनिकलच्या चौकटीत बसवून द्या असं म्हणत नाही. शिवाय ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात परीक्षेवरचं क्रेडिट विद्यार्थ्याने स्वतः मागून रेकॉर्डवर घ्यायचं असतं, आपोआप चढत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रणालीत हायर लेव्हलला ५ किंवा जास्त असतील तर प्रत्येक विषयाला ८ क्वार्टर युनिट (वर्षाची तीन सत्रं धरून मोजलेली क्रेडिट), म्हणजे ५.३ सेमिस्टर युनिट. आणि पूर्ण डिप्लोमा ३० किंवा जास्त गुणांनी मिळवला तर एकूण ३० क्वार्टर युनिट. पण त्या युनिटने कोणता कोर्स सुटतो हे प्रत्येक कॅम्पस आणि कॅम्पसमधला प्रत्येक विभाग ठरवतो. फ्लोरिडात राज्याचा एकच तक्ता आहे, आयबी, एपी आणि केंब्रिज तिन्हींसाठी. तिथलं काम मला सगळ्यात पारदर्शक वाटतं.

याच्या उलट टोकाला डार्टमथसारखं खासगी कॉलेज. त्यांनी २०१८ च्या पदवीधर तुकडीपासून शालेय परीक्षांना पदवीचं क्रेडिट देणं बंद केलं. वरच्या वर्गात थेट बसवतील, पण क्रेडिट देणार नाहीत. याला प्लेसमेंट म्हणतात आणि हा शब्द पालकांनी पाठ करावा. प्लेसमेंटने कोर्स सुटतो, क्रेडिटची बेरीज वाढत नाही. तेवढी क्रेडिट दुसऱ्या कोर्सने भरावी लागतात.

कॅनडाचं एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथे ‘एक वर्ष वाचतं’ हे वाक्य अक्षरशः खरं ठरू शकतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बहुतेक पदव्या क्वेबेकच्या मुलांसाठी ९० क्रेडिटच्या, तीन वर्षांच्या असतात. कारण क्वेबेकमध्ये शाळा अकरावीला संपते आणि मग मुलं दोन वर्षं सेजेप नावाच्या कॉलेजात जातात. बाहेरून आलेल्या मुलांना १२० क्रेडिट लागतात, पहिलं वर्ष पायाभूत. पण आयबी किंवा ए लेव्हलच्या चांगल्या निकालावर ३० पर्यंत क्रेडिट देऊन ते वर्ष माफ होऊ शकतं. म्हणजे तिथे आयबीला सेजेपच्या जागी बसवलं जातं. टोरोंटो विद्यापीठाच्या कला आणि विज्ञान शाखेत मात्र पदवीच्या २० पैकी जास्तीत जास्त ३ क्रेडिट मिळतात. एकाच देशातली दोन विद्यापीठं, आणि हिशोब इतका वेगळा. इंग्लंडचा प्रश्नच येत नाही, पदवी मुळात तीन वर्षांची आणि आयबी, ए लेव्हल ही तिची पायरी. क्रेडिट देण्यासारखं तिथे काही उरत नाही. स्कॉटलंडची पदवी चार वर्षांची असल्यामुळे तिथे काही अभ्यासक्रमांत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

आता बहिणीच्या मुलाचं. हा प्रश्न मला आतून लागतो, कारण मी स्वतः महाराष्ट्र बोर्डातून बारावी झालो आहे. अमेरिकेत आपली बारावी, सीबीएसई असो, आयएससी असो की एचएससी, तिथल्या हायस्कूल पदवीच्या बरोबरीची धरली जाते. प्रवेशाला पूर्ण मान, क्रेडिट जवळजवळ कुठेच नाही. वास्तविक सीबीएसईच्या बारावीच्या गणितात सातत्य, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, व्हेक्टर, मॅट्रिक्स हे सगळं आहे. कॅल्क्युलस १ चा बराचसा भाग त्या मुलाचा झालेला आहे, आणि ९६ टक्के म्हणजे चांगला झालेला आहे. मी त्या टेबलावर असताना दोनदा विभागाकडे प्रस्ताव पाठवला होता की याचा विचार करा. उत्तर असं आलं की आयबी, ए लेव्हल आणि एपी या परीक्षा विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाची पातळी समोर ठेवून वापरल्या जातात, त्यांचा जगभर एकच अभ्यासक्रम असतो, श्रेणीचे वर्षानुवर्षांचे निकाल विद्यापीठाकडे आहेत; तुमच्याकडे डझनावारी बोर्डं आहेत, कोणत्या बोर्डाच्या ९६ ला काय म्हणायचं? हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. पण नियम तो आहे, आणि २०२३ च्या आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शालेय वर्षांनाही क्रेडिट धरली असली तरी त्यामुळे परदेशी विद्यापीठाचा तक्ता आपोआप बदलत नाही.

म्हणून त्याने रडत बसायचं नाही, रस्ते आहेत. पहिला, विद्यापीठाची गणिताची प्लेसमेंट परीक्षा. ती सहज म्हणून देऊ नये. दोन आठवडे अभ्यास करून द्यावी. बहुतेक मुलं जेट लॅगमध्ये किंवा घरी सामान बांधताना ती देतात आणि मग जो कोर्स झालेला आहे त्यातच बसतात. दुसरा, विभागाची स्वतःची परीक्षा देऊन क्रेडिट घेण्याची सोय, अनेक ठिकाणी असते. अर्ज आणि थोडी फी. तिसरा, क्लेप परीक्षा: कॉलेज बोर्डाच्या ३४ विषयांच्या, २० ते ८० गुणांच्या, साधारणपणे ५० ला क्रेडिटची शिफारस असते. त्यात कॅल्क्युलस आहे. मात्र विद्यापीठ क्लेप मान्य करतं का, हे आधी पाहायचं. आणि जी मुलं आता अकरावीत आहेत त्यांच्यासाठी चौथा आणि सगळ्यात चांगला: मे महिन्यात एपी कॅल्क्युलस बीसी. सीबीएसई किंवा राज्य बोर्डात शिकत असतानाही ती परीक्षा भारतातल्या मान्यताप्राप्त केंद्रावर देता येते, नाव मात्र आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, दिवाळीच्या आसपासच नोंदवावं लागतं. जेईईची तयारी केलेल्या मुलाला अनंत श्रेणी तेवढ्या नव्याने शिकाव्या लागतात.

एक खर्च वाचवतो. बारावीचं गुणपत्रक वेसकडे (परदेशी प्रमाणपत्रांचं मूल्यमापन करणारी संस्था) पाठवून विषयवार मूल्यमापन करून घेतलं की क्रेडिट मिळेल, असं सांगणारे एजंट आहेत. विद्यापीठाने लेखी मागितल्याशिवाय तो खर्च करू नका. मूल्यमापनात हायस्कूल समकक्ष असंच येतं. तसंच आयजीसीएसईचं प्रमाणपत्र. ती दहावी आहे, तिला क्रेडिट नसतं, श्रेणी कितीही उत्तम असो. ए लेव्हलची मुलं ए आणि एएस (ए लेव्हलचा पहिला, अर्धा टप्पा) अशी दोन्ही प्रमाणपत्रं एकत्र पाठवतात आणि एएस लेव्हललाही क्रेडिट मिळेल असं धरून चालतात. एएसला देणारी विद्यापीठं थोडी.

तारखांमध्ये खूप जणांचं नुकसान होतं. आयबीचा मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात. केंब्रिजच्या जून सत्राचा ऑगस्टमध्ये. भारतातल्या केंब्रिज शाळांना मार्च सत्र आहे, त्याचा मे महिन्यात, आणि म्हणूनच अमेरिकेला जाणाऱ्या मुलांना मी मार्च सत्र सुचवतो. विद्यापीठाचं ओरिएंटेशन आणि कोर्सची नोंदणी पुष्कळदा जूनमध्येच होते. म्हणजे निकालाआधी कोर्स निवडायचे. अशा वेळी अ‍ॅडव्हायजरला (कोर्स निवडायला मदत करणारा विद्यापीठाचा सल्लागार) अंदाजित गुण दाखवून कॅल्क्युलस २ मध्ये तात्पुरती जागा मागायची आणि निकाल आल्यावर पक्की करायची.

निकाल शाळेत आला म्हणजे विद्यापीठात पोहोचला असं नसतं. आयबीने थेट पाठवलेलाच चालतो, शाळेचा शिक्का मारलेली प्रत नाही. शाळेच्या आयबी समन्वयकाने निकालाआधी विद्यापीठाचं नाव नोंदवलेलं असावं लागतं. एक मुलगी माझ्याकडे नोव्हेंबरमध्ये आली होती. तिच्या शाळेकडून ती नोंद राहून गेली होती, तिला वाटलं सगळं गेलं आहे. कॅल्क्युलस १ मध्ये बसून ती तीन महिने तेच शिकत होती. मी निकाल मागवला, आला, पण तोपर्यंत सत्र संपत आलं होतं. कोर्स पूर्ण केला की त्याच कोर्सचं परीक्षेवरचं क्रेडिट रद्द होतं, एका कोर्सचं क्रेडिट दोनदा नाही. तिच्या ७ गुणांवर पाणी पडलं, फक्त एका न भरलेल्या अर्जामुळे. त्या दिवसापासून मी प्रत्येक घराला सांगतो: समन्वयकाला एप्रिलमध्ये ई-मेल, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः खात्री.

मिळालेलं क्रेडिट वापरावंच का, हाही प्रश्न आहे. परीक्षेवरच्या क्रेडिटला श्रेणी नसते, त्यामुळे जीपीएमध्ये ते धरलं जात नाही. गणिताला ७ असलेली मुलगी कॅल्क्युलस १ मध्ये बसली तर ए सहज मिळेल आणि पहिलं सत्र सावरेल. सोडला तर कॅल्क्युलस २ मध्ये ओळखीपाळखी नसलेल्या वर्गात, घरापासून पहिल्यांदा दूर, थेट कठीण भागात जाईल. माझं मत असं: हायर लेव्हलला ६ किंवा ७ आणि गणिताची आवड असेल तर कॅल्क्युलस १ सोडा. ५ असतील तर विभागाकडून कॅल्क्युलस १ ची जुनी अंतिम परीक्षा मागा, घरी दोन तास घड्याळ लावून सोडवा. निम्म्याहून अधिक अडलं तर क्रेडिट बाजूला ठेवा. वैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्यांनी जीवशास्त्र, केमिस्ट्री, फिजिक्स यांची क्रेडिट वापरताना दहा वेळा विचार करावा, कारण तिथली अनेक मेडिकल कॉलेजं हे विषय विद्यापीठातच केलेले मागतात.

आणि व्हिसाचं एक. एफ-१ विद्यार्थ्याला दर सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात, शेवटचं सत्र सोडून. त्यामुळे आयबीची क्रेडिट आहेत म्हणून दर सत्राला दोन-तीन कोर्स घेऊन फी वाचवता येईल, असा विचार असेल तर तो होत नाही. क्रेडिट असली की मोकळीक येते ती वेगळी: साखळीच्या बाहेरच्या जागा आधीच भरल्यामुळे एखाद्या सत्रात १२ वर थांबून प्रयोगशाळेत काम करता येतं, मायनर (मुख्य शाखेसोबतचा जोडविषय) पूर्ण करता येतं, इंटर्नशिप आली तर ती घेता येते. शिवाय जास्त क्रेडिटवाल्या विद्यार्थ्याची कोर्सनोंदणी आधी उघडते, आणि मोठ्या विद्यापीठात हव्या त्या कोर्सला जागा मिळणं ही छोटी गोष्ट नाही. काही विद्यापीठं वरच्या वर्गाला जास्त फी लावतात आणि वर्ग क्रेडिटवरून ठरवतात. तेवढं फी कार्यालयाला विचारून घ्या. माझ्या पाहण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी आयबीमधून मिळवलं ते बहुतेक हेच, चार वर्षांतली मोकळी हवा. एक वर्षाची फी वाचवलेली मुलं त्या शाखेत फार थोडी.

तुमच्या मुलीने आता करायचं ते एवढंच. विद्यापीठाच्या रजिस्ट्रारच्या पानावर आयबीचा समकक्षतेचा तक्ता शोधायचा, आणि तो कोणत्या प्रवेशवर्षाला लागू आहे हे पाहायचं. बाजूला मेकॅनिकलचा आठ सत्रांचा आराखडा उघडायचा. तक्त्यातला प्रत्येक कोर्स क्रमांक त्या आराखड्यात सापडतो का ते पेन्सिलने खुणा करत बघायचं. सापडला तर कामी येईल, नाही तर नुसता मिळेल. फिजिक्सची ओळ वाचताना कोर्सच्या वर्णनात कॅल्क्युलस हा शब्द आहे का, एवढं पाहायचं. खुणा करून झाल्या की अ‍ॅडव्हायजरला एकच प्रश्न लिहायचा, ‘हे कोर्स माझ्या पदवीच्या अटींमध्ये धरले जातील ना, की फक्त इलेक्टिव्ह म्हणून?’ आणि त्याचं उत्तर लेखी घ्यायचं. तक्त्याचा स्क्रीनशॉट त्या दिवसाच्या तारखेसकट जपून ठेवा. हे तक्ते दर वर्षी बदलतात, आणि ऑगस्टमध्ये वेगळंच काही रेकॉर्डवर चढलं तर विभागाकडे दाद मागताना तो स्क्रीनशॉट आणि आयबीची विषय-मार्गदर्शिका, या दोन कागदांवर मी स्वतः कित्येक निर्णय फिरवलेले आहेत.